भंगारातला स्वर

वस्तू बंद पडली की टाकून द्यावी, ही रीत आपल्या समाजात फार जुनी नाही. छत्रीपासून घड्याळापर्यंत आणि स्टोव्हपासून रेडिओपर्यंत प्रत्येक वस्तूची दुरुस्ती करणारा कारागीर पूर्वी जवळपास कोठेतरी असे. आता नवी वस्तू सहज मिळते आणि जुनी भंगारात जाते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा एखाद्या लहान गावच्या भंगारवाल्याकडे अशा टाकलेल्या यंत्रांच्या ढिगात कधी कधी एक पत्र्याची पेटी सापडते. तिच्या पाठीमागे चार गोल खोबण्या, एक छोटा स्क्रू आणि तुटलेल्या वायरीचे टोक एवढेच असते. हा रेकॉर्ड प्लेअरचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर होय. विकणाऱ्याला ती काय वस्तू आहे हे ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही पुष्कळदा अर्धेच ठाऊक असते. पण ज्याच्या घरी वडीलधाऱ्यांनी हौसेने जमवलेल्या तबकड्या माळ्यावर धूळ खात पडल्या आहेत, त्याला ती पेटी सोडून पुढे जाववत नाही.

त्याची ओढ समजण्यासारखी आहे. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून भारतातील कितीतरी आवाज तबकड्यांत साठत गेले. १९४८ साली अधिक वेळ वाजणारी लाँग प्ले तबकडी अमेरिकेत आली आणि पुढे आपल्याकडेही घरोघरी पोहोचली. त्यानंतर कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. प्रत्येक स्थित्यंतरात काही आवाज पुढे गेले आणि काही मागेच राहिले. मागे राहिलेला आवाज ऐकायचा तर तबकडी हवी, सुई हवी आणि ही दुर्लक्षित पेटीही हवी.

या पेटीचे काम मोठे नाजूक असते. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते. तिच्या दांडीला जोडलेले चिमुकले चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ हलते आणि त्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. ही वीज अवघी तीन ते पाच मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चमधल्या एका सेलच्या तीनशेव्या किंवा पाचशेव्या भागाइतकी असते. प्रीअ‍ॅम्प्लिफायर तिला साधारण शंभरपट वाढवतो. शिवाय तो आणखी एक काम करतो. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, कारण ते पूर्ण जोराने कोरले तर एक खाच शेजारच्या खाचेत शिरेल. तार स्वर मात्र वाढवून कोरतात. ऐकताना ते कमी केले की पृष्ठभागाची खरखरही त्यांच्याबरोबर कमी होते. हे प्रमाण पूर्वी प्रत्येक कंपनीचे निराळे असे. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि पुढे तेच जगभर रूढ झाले. मुद्रण करताना जे दाबले ते उचलायचे आणि जे उचलले ते दाबायचे, असा हा व्यवहार आहे. ही पेटी नसेल तर तबकडी क्षीण आणि कर्कश ऐकू येते.

याच गुणात नवशिक्याची पहिली अडचण दडलेली असते. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि पेटी खर्जच सर्वांत अधिक उचलते. मधला स्वर शंभरपट वाढत असेल, तर ५० आवर्तनांचा स्वर सुमारे सातशेपट वाढतो. त्यामुळे वीजपुरवठ्यातला लहानसा दोषही भुंग्याच्या गुणगुणीसारखा मोठ्याने ऐकू येतो. गाणे ऐकायला बसलेल्या माणसाला घरातली वीजच ऐकावी लागते! या पेटीच्या दुरुस्तीत निम्मे काम तिला स्वच्छ वीज पुरवण्याचे असते, ते यामुळेच.

आणि वीज किती द्यायची हे तर कोठेच लिहिलेले नसते. मूळ पुरवठ्याची पेटी हरवलेली, वरचे लेबल पुसलेले. अशा वेळी घरातल्या खणातून एखादा जुना अ‍ॅडॅप्टर काढून जोडून पाहण्याचा मोह अनावर होतो. पण पिन बसली म्हणजे वीज जुळली असे होत नाही. येथे घाई करणाऱ्याची पेटी एका क्षणात कायमची मुकी होते. थांबणाऱ्याला मात्र पेटी स्वतःच बरेच काही सांगते. झाकण उघडून पाहिले की तीन पायांच्या रेग्युलेटरवर ७८१५ किंवा ७९१५ असे आकडे दिसतात. पहिले दोन अंक ७८ असतील तर धन दाब आणि ७९ असतील तर ऋण दाब. पुढचे दोन अंक म्हणजे व्होल्ट. दोन अ‍ॅम्प्लिफायर सामावणाऱ्या आठ पायांच्या आयसीत बहुधा आठव्या पायाला धन आणि चौथ्या पायाला ऋण वीज लागते. कपॅसिटरवर छापलेले व्होल्ट ही त्याची कमाल मर्यादा असते. ती देण्याची मात्रा नव्हे. अशा खुणा एकेक करून वहीत लिहीत गेले की न लिहिलेले लेबल हळूहळू वाचता येऊ लागते.

मात्रा कळल्यावर ट्रान्सफॉर्मर आणायचा. येथेही अंकगणित उपयोगी पडते. १५ व्होल्टची प्रत्यावर्ती वीज डायोडमधून जाऊन कपॅसिटरमध्ये साठली की ती वीसच्या आसपास भरते. रेग्युलेटर ती १५ वर आणून स्थिर ठेवतो, कारण त्याला वर दोन-तीन व्होल्टची मोकळीक लागते. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला तर दाब सोळाच्या आसपासच राहतो, रेग्युलेटर अपुरा पडतो आणि गुणगुण आत शिरते. दुकानदाराकडून तीन व्होल्ट कमी घेतल्याची किंमत कानांना मोजावी लागते.

खरा धोका मात्र भिंतीतल्या २३० व्होल्टचा असतो आणि तेथे चुकीला क्षमा नाही. म्हणून जाणते कारागीर काही नियम कधीच मोडत नाहीत. हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग खोबणीतून काढून डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मुख्य विजेच्या वाटेवर फ्यूज असावा आणि उघडी तार कोठेही राहू नये. ट्रान्सफॉर्मर धातूच्या वेगळ्या पेटीत ठेवून ती पेटी अर्थिंगला जोडावी. त्यामुळे माणूसही सुरक्षित राहतो आणि गुणगुणही दूर राहते. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरावा. त्यातला तारेचा जुना दिवा मुख्य तारांत शॉर्ट असल्यास प्रखर पेटतो आणि जणू हात आडवा करून थांबवतो. एलईडी दिवा हे काम करू शकत नाही. ज्याला याची खात्री नसेल त्याने एखाद्या अनुभवी वीजतंत्र्याला शेजारी बसवावे. त्यात कमीपणा नाही.

पुरवठा आधी एकटाच चालवून मल्टिमीटरने मोजायचा. तो बरोबर ठरल्यावरच पेटीला जोडायचा. त्याआधी पेटीतील कपॅसिटर, ज्याला बाजारात अजूनही कंडेन्सर म्हणतात, तपासावे लागतात. काळाच्या ओघात त्यांच्यातील द्रव सुकतो. काहींचे डोके फुगते, काहींच्या पायांशी डाग दिसतात. नवा बसवताना धारकता तीच हवी, व्होल्ट तितकेच किंवा अधिक चालतात, पण धन-ऋण बाजू उलटली तर तो फुटू शकतो. सगळे एकदम बदलण्यापेक्षा एक बदलावा, पुन्हा मोजावे आणि वहीत लिहावे. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कोणतीने गुण दिला हे कळत नाही.

शेवटी बाहेर पडणाऱ्या खोबणीवर दिष्ट वीज शून्याच्या जवळ आहे हे मोजून मगच मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा आणि आवाजाचे बटण अगदी खाली ठेवायचे. तरीही गुणगुण आलीच तर पाठीमागचा छोटा स्क्रू आठवावा. रेकॉर्ड प्लेअरची बारीक भूतार तेथे आवळली की पुष्कळदा गुणगुण ओसरते. मग सुई टेकते, थोडी खरखर होते आणि वर्षानुवर्षे न ऐकलेला स्वर खोलीत उमटतो.

बाजारात अशी तयार पेटी विकत मिळते, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर पेटीत नाही, दुरुस्ती करणाऱ्या माणसात आहे. ज्याने शाळेत ओहमचा नियम केवळ पाठ केला होता, किंवा जो शाळेत कधी गेलाच नव्हता, त्याला येथे आकड्यांचा अर्थ हाताने कळतो. अंदाज आणि मोजमाप यांतला फरक कळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, कोलकात्याचा चांदनी चौक, चेन्नईची रिची स्ट्रीट येथे सुटे भाग घेताना दुकानदाराला प्रश्न विचारायची भीड मोडते. वय वाढले म्हणून शिकायचे राहिले, हा समजही गळून पडतो.

दुरुस्ती करणाऱ्यांत एक चांगली सवय असते, ती प्रत्येक नवशिक्याने उचलावी. झाकण लावण्यापूर्वी आतल्या बाजूला पक्क्या शाईने तीन गोष्टी लिहायच्या: वीज किती लागते, काय बदलले आणि केव्हा बदलले. आज ना उद्या ती पेटी पुन्हा कोणाच्या तरी हाती जाईल. त्या अनोळखी माणसाला तरी अंधारात चाचपडावे लागू नये.