टॉर्च नीट धर!

सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी नेहमीचा प्रश्न आला, ‘मग, वीकेण्डला काय केलंस?’ कुणी लोणावळा सांगितलं, कुणी मल्टिप्लेक्स. मी म्हटलं, ‘वायपरची मोटर काढली.’ सगळे हसले. म्हणजे, गाडी गॅरेजला टाकलीस? नाही हो, स्वतः काढली. पाठीवर पडून, डॅशबोर्डखाली डोकं घालून, चांगले चार तास. गाडी कुठली? प्रीमियर पद्मिनी, १९८६ची!

आमचं गाव पाचोड. संभाजीनगरहून बीडकडे निघालात की पन्नासेक किलोमीटरवर लागतं. पैठण तालुका, मोसंबीचा पट्टा. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही गाडी मोसंबीच्याच पैशातून घेतली. त्या काळी गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची अशी पद्धत होती. १९६४मध्ये ही गाडी ‘फिएट ११०० डिलाइट’ म्हणून आली, १९७४ला तिचं ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं इंजिन आणि गिअर स्टिअरिंगला. आम्ही भावंडं मागच्या सीटवर किती मावायचो, ते आज आरटीओला सांगण्यासारखं नाही.

मग २०१२-१३चा दुष्काळ आला. टँकरच्या पाण्यावर बागा जगवताना अख्खा मोसंबी पट्टा मेटाकुटीला आला. आमची बागही तोडावी लागली. जळणाच्या भावानं लाकूड गेलं. गाडी तेवढी राहिली, शेडमध्ये, गोणपाटाखाली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, ती बातमी टीव्हीवर बघून आण्णा एवढंच म्हणाले, ‘आता आपलीच राहिली.’

पण ठेवायची तर कागद हवेत. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नूतनीकरणाची फी २०२२मध्ये सहाशेवरून थेट पाच हजारांवर गेली, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५मध्ये आणखी वाढली. ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवावं, तर २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नाशीची हवी. आमची त्यासाठी अजून लहान! म्हणजे पासिंग आलं. त्यासाठी दिवे, हॉर्न, ब्रेक आणि वायपर धड हवेत. आमचा वायपर काचेच्या बरोबर मध्यावर हट्ट धरून बसलेला. ‘आपल्याकडं पाऊस पडतो कुठं, वायपर कशाला पायजे?’ हा आईचा जोक.

तसं बघितलं तर वायपर ही बाईचीच देणगी. अमेरिकेतली मेरी अँडरसन न्यू यॉर्कच्या ट्रॅममधून चालली होती. बर्फामुळे ड्रायव्हरला काच उघडून गाडी हाकावी लागत होती. तिनं आतून हातानं फिरवायचा दांडा सुचवला आणि १९०३मध्ये पेटंट घेतलं. मोटर आली ती नंतर. हे मी आण्णांना ऐकवलं, तर म्हणाले, ‘मग काढ की तूच.’

लहानपणी गाडीच्या दुरुस्तीत माझं काम एकच, टॉर्च धरणं. हात अवघडायचा, लक्ष उडायचं, उजेड जरा सरकला की बॉनेटखालून आवाज यायचा, ‘टॉर्च नीट धर!’ तुमच्याही घरात हे झालं असणार. या वेळी मात्र आण्णांचे गुडघे वाकत नव्हते. पाना माझ्या हातात आणि तीन सेलचा तोच टॉर्च त्यांच्या.

आधी बॅटरीची अर्थची वायर सोडली. मग काचेवरचे दांडे. ते काढण्याआधी काचेवर टेप लावून त्यांच्या जागेची खूण करायची, नाहीतर परत बसवल्यावर वायपर काच सोडून भलतंच पुसतो. दांड्याखालचे नट गंजलेले. आण्णांनी आदल्या दिवशीच त्यांवर डिझेल सोडून ठेवलं होतं, म्हणून हलले. मग आत. वायरींचे मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. मोटर डॅशबोर्डच्या मागे, जिथं हात पोचला तर डोळा पोचत नाही आणि डोळा पोचला तर हात! दोन बोल्ट निघाले. शेवटचा बोटांच्या टोकावर होता, इतक्यात उजेड थरथरला. नट सटकला आणि आत कुठंतरी खण्णकन पडला.

‘आण्णा, टॉर्च नीट धरा ना!’

बोलून गेले. वरून उत्तर आलं नाही. मान वळवून बघितलं, तर आण्णांचा उजवा हात कापत होता. दमल्यावर कापतो तसा नाही. एका लयीत, थांबता थांबत नव्हता. त्यांनी टॉर्च डाव्या हातात घेतला, जसं काही झालंच नाही.

‘कधीपासून?’

‘झाले दोन-तीन महिने. थकवा असंल. तुझ्या आईला सांगू नको, उगं घोर लावून घेती.’

रोज रात्री फोनवर मी विचारायचे, ‘कसे आहात?’ रोज उत्तर यायचं, ‘एकदम मस्त.’ व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो, हात नाही.

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर नाही. मग मी सौदा केला, मोटर चालली तर यायचं. आण्णा हसले. ‘चाळीस वर्षांची मोटर हाय. बघू.’ त्यांना वाटलं, आपण जिंकलो.

नट जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला सुतळी बांधून काढला. मोटर ओट्यावर आणून उघडली. आतलं गणित साधं असतं. मोटर एकाच दिशेला भरभर फिरते, गिअर तिला संथ करतो, आणि छोटा क्रँक त्या गोल फिरण्याचं डावं-उजवं करून वायपरला देतो. आमच्या गिअरमधलं ग्रीस चिंचेच्या कोळासारखं आळून बसलं होतं. पेट्रोलनं धुतलं, नवं ग्रीस भरलं. कार्बन पार झिजलेले. चौकातल्या मिस्त्रींनी दुसऱ्याच मोटरचे कार्बन घासून मापात आणले आणि पैसे विचारल्यावर ‘आण्णांची गाडी हाय’ म्हणून हात झटकला.

मोटर परत बसवताना टॉर्च मी सीटवर दोन उशांच्या बेचक्यात अडकवला. आण्णांनी बघितलं. काही बोलले नाहीत.

रविवारी संध्याकाळी आईनं काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. मी बटण ओढलं. आधी नुसतं ‘घुंऽऽ’. मग दांडे हलले. करकरत, जुनं रबर ओढत, पण हलले. काचेवरची धूळ चिखल होऊन बाजूला सरली आणि पलीकडे आई दिसली, पदर तोंडाला लावून हसणारी. तिला हाताचं आधीच माहीत होतं, हे मला रात्री भांडी आवरताना कळलं. तिला म्हणे आण्णांनी सांगितलं होतं, ‘पोरीला सांगू नको.’

गुरुवारी शहरात न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट आहे. मी रजा टाकली आहे. काय निघेल, माहीत नाही. पासिंगची तारीख त्यानंतर बघू. आण्णांचा एकच प्रश्न आहे, ‘तपासतात तरी कसं?’ मी म्हटलं, चालवून बघतील, बोटं हलवायला लावतील, डोळ्यांत टॉर्चही मारतील.

‘मारू दे,’ आण्णा म्हणाले. ‘नीट धरला म्हंजे झालं.’