चिकपेटेतल्या काळ्या तबकड्या

बंगळूर म्हटले की लालबाग, विधानसौध आणि तेथील सुखद हवा एवढेच बहुधा प्रवाशाच्या मनात येते. या तिहींचा लाभ आपण अवश्य घ्यावा. परंतु एखादी रविवारची सकाळ मोकळी असेल, तर ती चिकपेटेसाठी राखून ठेवावी. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर याच नावाचे स्थानक आहे. तेथून जवळच, बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या आसपास जुन्यापुराण्या वस्तूंचा रविवारचा बाजार भरतो. या पेठा मराठी वाचकाला अगदीच परक्या नाहीत. सतराव्या शतकात हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पण आज आपणांस इतिहास पाहावयाचा नाही. कुलपे, घड्याळे आणि बंद पडलेले कॅमेरे यांच्या गर्दीत दैव अनुकूल असेल तर ग्रामोफोनच्या तबकड्यांची एखादी चळत दिसते, तिच्यापाशी थोडे बसावयाचे आहे.

तबकडी हाती घेताच प्रथम तिची जात ओळखावी. जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि एका बाजूस सुमारे तीन मिनिटे गाणारी ती लाखेची. हलकी, किंचित वाकणारी ती व्हिनाइलची. हिची ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ आवृत्ती १९४८ साली अमेरिकेत प्रथम निघाली. आपल्या देशात मात्र लाखेची तबकडी १९६०च्या दशकातही निघत होती. म्हणूनच बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाची गाणी ७८ फेऱ्यांवर भारतात मिळत, आणि त्या तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक डोळे लावून बसलेले असतात.

आता परीक्षा. तबकडी कडेने धरावी, चरांवर बोट लावू नये, आणि ती उन्हात तिरपी करून पाहावी. काळा रंग चकाकत असेल तर आशा ठेवावी. चरांवर राखाडी छटा असेल तर ती झिजली आहे असे समजावे. ओरखड्यावरून नख हळूच फिरवावे. नखाला लागला तो बहुधा कानालाही लागणार. मधल्या कागदावर छिद्राभोवती बारीक रेघांचे जाळे असेल, तर ती कितीदा यंत्रावर चढली याची ती साक्ष होय. लाखेची तबकडी मडके वाजवून घ्यावे तशी हलकेच टिचकी मारून ऐकावी. तडा असेल तर आवाज बद्द येतो. असा तडा वाजवताना दर फेऱ्यास एकदा, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा, टक् करीत राहतो. आणखी एक सूचना: लाख मद्यार्कात विरघळते, तेव्हा अशी तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये.

या परीक्षेचे गुण जगभर इंग्रजीत दिले जातात: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड आणि पुअर. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास ही श्रेणी मोठी गमतीची वाटते. शब्दकोशाप्रमाणे ‘व्हेरी गुड’ म्हणजे उत्तम. व्यवहारात मात्र ती सतत खरखरणारी, पण ऐकवेल अशी तबकडी असते. आणि ‘गुड’ म्हणजे, स्पष्टच सांगावयाचे तर, वाईट! पदपथावरचा विक्रेता ही भाषा वापरीत नाही. तो ‘चांगली आहे’ एवढेच म्हणतो, आणि निदान त्या शब्दाचा अर्थ आपण पारखून घेऊ शकतो.

परंतु या श्रेणीला एक मोठी मर्यादा आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या घडविण्यासाठी मूळ मुद्रणे जर्मनीतील हानोव्हरला जात. गायिका गाण्याच्या अखेरीस इंग्रजीत आपले नाव सांगे. आता पाहा: सुई बाहेरून आत सरकते, आतले फेरे लहान होत जातात, तेथे ध्वनी दाटीने कोरलेला असतो. लाखेत दगडाची भुकटी असल्याने पोलादी सुई एका बाजूतच झिजते. सुई प्रत्येक वेळी बदलावी असा नियम होता. काटकसरीच्या घरांत तो पाळला जात नसे. परिणाम असा, की सर्वांत अधिक झीज अखेरच्या बोटभर जागेत होते. नेमके तेथे, जेथे गायिकेचे नाव असते.

हीच गौहरजान आयुष्याच्या अखेरीस म्हैसूर दरबारी आली आणि जानेवारी १९३० मध्ये तेथेच वारली. तिचे चरित्र लिहिणारे बंगळूरचे विक्रम संपत यांनी पुढे ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ ही संस्था उभारली. तेथे अशा झिजक्या तबकड्यांतील ध्वनी संगणकावर उतरवून सर्वांसाठी खुला केला जातो. बाजारात ‘पुअर’ ठरणारी तबकडी एखाद्या गाण्याची हाती लागलेली एकमेव प्रत असू शकते. तिला कोणती श्रेणी द्यावी? आमच्या मते, देऊच नये. गदगच्या बाल भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी एका तबकडीवरच ऐकली आणि १९३३ साली गाणे शिकण्यासाठी घर सोडले. ती तबकडी ‘मिंट’ होती की ‘गुड’ हे कोणी विचारले नाही.

म्हणून विक्रेत्यापाशी यंत्र असेल तर तबकडी आरंभापासून न ऐकता अखेरचा भाग आधी लावावयास सांगावे, आणि किंमत त्यानंतर बोलावी. घरी परतताना दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधून ती उभी ठेवावी. आगगाडीत खिडकीच्या उन्हात व्हिनाइल वाकते आणि ट्रंकेखाली लाख फुटते. तेव्हा ती मांडीवर घेऊन बसलेले बरे.