सुटीचा धनी

बदलीच्या नोकरीतल्या माणसाला नव्या गावी बिऱ्हाड मांडल्याबरोबर तीन गोष्टींची चौकशी करावी लागते: नळाला पाणी केव्हा येते, दूध कोण घालतो आणि मुलांच्या शाळेला सुट्या केव्हा असतात. पहिल्या दोहोंची उत्तरे शेजारी देतात, आणि आठवड्याभरात ती अंगवळणी पडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र वर्षभर पुरते. सुट्यांची यादी म्हणजे त्या मुलखाने स्वतःविषयी लिहिलेला एक लहानसा लेखच असतो. इथे कोणाची जयंती पाळतात, कोणत्या अमावास्येला कचेरी बंद राहते, उन्हापुढे सरकार केव्हा हात टेकते, हे सारे त्या एका कागदावरून कळते.

हथखोज हे भिलाईच्या कडेचे जड उद्योगांचे क्षेत्र. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी 1955 साली झाला, आणि 1959 च्या फेब्रुवारीत तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या एका कारखान्यासाठी साऱ्या हिंदुस्थानातून माणसे आली, आणि त्याच्या आश्रयाने आसपास लहानमोठे कारखाने उभे राहिले. हथखोजचे कारखाने त्याच परिवारातले. लोखंडी पत्रे कापणारा बिहारचा, जोडणारा ओडिशाचा, हिशेब लिहिणारा आंध्रचा, आणि ओझी वाहणारी रेजा जवळच्याच खेड्यातली, असा इथला संसार आहे. रेजा म्हणजे मजूर स्त्री. हा शब्द इथे आल्यावर पहिल्याच दिवशी कानी पडतो. त्यामुळे शाळेच्या एका वर्गात चारपाच मायबोल्या बसतात, आणि सुट्यांच्या यादीकडे पाहणाऱ्या दृष्टीही तितक्याच असतात.

या यादीत मराठी माणसाला आपल्या ओळखीचे पुष्कळ सापडते, फक्त नावे बदललेली असतात. 2019 साली छत्तीसगड शासनाने हरेली, तीजा, विश्व आदिवासी दिवस आणि छठपूजा यांना सार्वजनिक सुटी दिली. हरेलीला शेतकरी नांगर-कुदळीची पूजा करतो, दारावर कडुलिंबाची डहाळी खोवतो, आणि पोरे बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. ही श्रावणातली अमावास्या असे इथे म्हणतात. आपल्या पंचांगात तीच आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला; म्हणून एकाच दिवशी त्यांच्या घरी नांगर पुजला जातो आणि आपल्या घरी समया. पुढल्या अमावास्येचा त्यांचा पोरा तो आपला पोळा. त्यानंतर तिसऱ्या दिवशी येणारी तीजा म्हणजे आपली हरतालिका. मात्र इथे त्या सणाला भाऊ किंवा बाप लेकीला माहेरी घेऊन जातो, आणि वस्त्यांतली निम्मी घरे गृहिणीवाचून ओस दिसतात.

असे असता सुटीविषयी तंटा कशाला व्हावा? पण तो होतो. गेल्या वर्षी मुलाच्या शाळेच्या पालकसभेत तो झाला. एका गृहस्थांचे म्हणणे, सुट्या फार झाल्या. मुले शिकणार केव्हा? एका फिटरने शांतपणे सांगितले की, छठीच्या एका दिवसाने त्याचे भागत नाही. घाट गावाकडचा, प्रवास दीड दिवसाचा. तेव्हा दिवाळीची सुटी छठीपर्यंत ओढावी. आपल्यापैकी एका बाईंनी त्याला दुजोरा दिला. महाराष्ट्रात दिवाळीला पंधरवडाभर शाळा बंद असते, इथे मोजके सहा दिवस. पुण्याला जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात, मग आजीकडे राहायचे केव्हा? तिसऱ्या पक्षाचे मत असे की, कोणाच्याही सणाला सुटी नको. वाटल्यास ज्याने त्याने रजा घ्यावी.

आकड्यांची सवय असलेल्या आम्हां नोकरदारांना अशा वेळी हिशेब मांडण्याचा मोह होतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरलीच पाहिजे असे ठरवले आहे. 365 मधून 220 गेले की 145 उरतात. त्यांत 52 रविवार. बाकीच्या 93 दिवसांत सण, जयंत्या आणि ऋतू सारे बसवायचे. 2024-25 च्या शासकीय यादीत दसरा, दिवाळी आणि हिवाळा यांना प्रत्येकी सहा, आणि उन्हाळ्याला 46, असे 64 दिवस होते. त्यातही ऊन कोणाचे ऐकत नाही. 2024 साली 1 मेची वाट न पाहता उन्हाळी सुटी 22 एप्रिललाच सुरू करावी लागली. तात्पर्य, सुट्या फार की थोड्या, हा वाद आकड्यांनी मिटण्याजोगा आहे. पण सभेत त्याने कोणाचे समाधान झाले नाही, आणि का झाले नाही हे थोड्याच वेळात उमगले.

मागच्या बाकावर एक रेजा बसली होती. खाजगी शाळांतील पहिल्या वर्गाच्या एकचतुर्थांश जागा दुर्बल घटकांसाठी राखाव्यात, अशी त्याच कायद्यात तरतूद आहे. तिची मुलगी त्या वाटेने इथे आलेली. तिला कोणी विचारले नव्हते. ती आपण होऊन उठली आणि म्हणाली, "छुट्टी त ठीक हे साहब, फेर लइका ला कहाँ राखंव?" सुटी ठीक आहे, पण लेकराला ठेवू कुठे? शाळा बंद असते त्या दिवशी कारखाना बंद असतोच असे नाही, आणि न गेले तर रोज बुडतो. मग आठ वर्षांच्या मुलीच्या स्वाधीन धाकटा भाऊ करून ती बाहेरून कडी लावून कामाला जाते. हरेली तिचा स्वतःचा सण. तो यादीत आला याचा तिला आनंदच होता. पण त्या दिवशीही ती कडी लागतेच.

तिचे बोलणे ऐकताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. लोखंड्यांनी 1884 पासून सभा भरवल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आपण ज्या रविवारी उशिरा उठतो तो असा कष्टाने मिळवलेला आहे. आज मात्र त्याच कष्टकऱ्यांच्या वारसांना आपल्या लेकरांची सुटी परवडत नाही. सरकारी शाळेतल्या मुलाला तर सुटीच्या दिवशी मध्यान्ह भोजनही अंतरते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही हे भोजन देण्याचा आदेश दिला, त्यामागे हीच जाणीव होती.

तेव्हा सुटीला दिवस पुरेसा नसतो, तिला धनी लागतो. घरी कोणी असेल तरच बंद शाळा म्हणजे सुटी; नसेल तर ते नुसते कुलूप. शाळा भरावी असे म्हणणारा प्रत्येक पालक सणांचा वैरी नसतो, आणि सुटी मागणारा प्रत्येकजण अभ्यासाचा शत्रू नसतो. दोघेही आपापल्या घराची स्थिती सांगत असतात.

आमच्या घरीही या विषयावर दोन पक्ष आहेत. गणेशचतुर्थीला शाळा भरणार असली तरी मुलाने घरी राहावे, असे त्याच्या आईचे मत. तिचा मुद्दा बिनतोड आहे: चुकलेला धडा उद्या भरून निघतो, परमुलखात वाढणाऱ्या पोराला मोदकाची कळी, आरतीतला शब्द आणि आजीचा फोनवरचा आवाज एकत्र मिळण्याचा दिवस वर्षातून एकदाच येतो. माझा पक्ष हजेरीचा. पण हा वाद आम्हाला घालता येतो, कारण दोन्ही बाजूंनी घरात कोणीतरी आहे. त्या रेजाला अशा वादाची चैन नाही.

सभेने शेवटी यादीला हात लावला नाही. एवढेच ठरले की, सणाच्या एकेकट्या सुट्यांना शाळेची एक खोली आणि अंगण उघडे ठेवावे, आणि घरी असणाऱ्या पालकांपैकी दोघांनी पाळीपाळीने तिथे बसावे. मुलांना पाठवण्याची सक्ती नाही, धडे नाहीत. पहिली पाळी फिटरच्या बायकोने मागून घेतली. दुसरी आमच्या घरातून गेली.

बदलीचा हुकूम येईल तेव्हा आपण नव्या गावी नवी यादी मागू, आणि आपले सण तिच्यात शोधू. ते स्वाभाविकच आहे. पण त्याबरोबर आणखी एक चौकशी करावी: त्या दिवशी गावात कोणकोणत्या दारांना बाहेरून कडी असते?