गढूळ पाण्याची चौकशी

दादर, मुंबई
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळास,

तुझे पत्र पोहोचले. मांडव्याच्या घरामागील पोहण्याचा तलाव भरून उन्हाळा अर्ध्यावर आला, मुलांच्या सुट्ट्या सुरू झाल्या, आणि तरीही त्यातील पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढरट राहिले आहे. दुकानदाराने सुचवलेले प्रत्येक औषध घालून झाले असून आता सारा तलाव रिकामा करून टँकरने पुन्हा भरावा, असा तुझा बेत आहे. पत्रात उपायांची यादी मोठी आहे. परंतु ते उपाय ज्या मोजमापांवरून योजावयाचे त्यांचा तपशील त्यात कोठेच आढळत नाही, आणि तुझ्या अडचणीचे मूळ मला तेथेच दिसते. सबब टँकरवाल्याला होकार कळवण्यापूर्वी हे पत्र सावकाश वाचावेस, एवढी माझी विनंती आहे.

पाणी गढूळ दिसते ते त्यात विरघळलेल्या पदार्थांमुळे नव्हे, तर न विरघळता तरंगत राहिलेल्या सूक्ष्म कणांमुळे, कारण असे कण प्रकाशाला त्याच्या सरळ मार्गावरून ढळवून चहूकडे विखुरतात. हे कण किती चिवट असतात याची कल्पना एका हिशेबावरून येईल: मातीचा एक मायक्रॉन व्यासाचा कण संपूर्ण स्थिर पाण्यातही दीड मीटर खाली जाऊन बसण्यास पंधरा दिवसांहून अधिक काळ घेतो, आणि उघड्यावरचे पाणी, वाऱ्यामुळे म्हण वा उन्हामुळे म्हण, इतके स्थिर कधीच नसते. म्हणून ‘चार दिवस पडू दिले तर आपोआप निवळेल’ ही रखवालदाराची आशा तुझ्या बाबतीत फळास येण्याचा संभव नाही.

हे कण तीन प्रकारचे असू शकतात, आणि तिन्ही प्रकारांत पाण्याचा चेहरा जवळजवळ सारखाच दिसत असल्यामुळे नजरेवर विसंबून निदान करणे धोक्याचे ठरते. पहिला प्रकार सजीव: शेवाळ व जंतू, जे अद्याप हिरवे दिसण्याइतके वाढलेले नाहीत. दुसरा प्रकार चुन्याचा: पाण्यातून बाहेर पडलेले कॅल्शियम कार्बोनेट. तिसरा प्रकार निव्वळ निर्जीव मळाचा: धूळ, त्वचेचे तेल, आणि क्लोरीनने मारलेल्या शेवाळाचे अवशेष, जे खरे तर गाळणीने अडवावयास हवे होते. पहिल्यावर क्लोरीन, दुसऱ्यावर आम्ल आणि तिसऱ्यावर गाळणी हा इलाज आहे. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर तो निष्फळ होतोच, शिवाय पुष्कळदा नवीन गढूळपणा निर्माण करतो.

आरंभ क्लोरीनच्या मोजणीने कर. आपल्या ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्यावर क्लोरोस्कोप नावाचे जे साधे उपकरण वापरतात, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकताच पाण्याला पिवळा रंग चढतो. पण तो रंग सर्व क्लोरीनची एकत्र बेरीज दाखवतो. पोहण्याच्या तलावाला ही बेरीज पुरेशी नाही, कारण घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी जखडलेले संयुक्त क्लोरीन दुबळे असते आणि जंतुनाशाचे खरे काम मुक्त क्लोरीन करते. ही दोन्ही वेगळी दाखवणारी, डीपीडी नावाच्या द्रव्यावर चालणारी चाचणी-पेटी आण. मात्र एक खबरदारी घे: क्लोरीन फारच अधिक असेल तर ते या चाचणीचा गुलाबी रंगच उडवून लावते आणि नमुना क्लोरीनशून्य असल्याचा भास होतो, अशा वेळी नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून तो पातळ करावा व पुन्हा पाहावा.

पाण्यात सजीवांचा अंमल आहे की नाही हे ठरवण्याची एक उत्तम कसोटी आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन मोजून नोंद कर, पंप चालू ठेव, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडण्यापूर्वी पुन्हा मोज. दिवसा ऊनच क्लोरीनचा नाश करते. पण रात्री ते दर लिटरमागे एक मिलिग्रॅमहून अधिक घटले, तर ते खाणारे कोणीतरी पाण्यात आहे, हे निश्चित समजावे. मग क्लोरीन उंच पातळीवर नेऊन, ही रात्रीची घट थांबेपर्यंत तेथेच टिकवावे लागते. संयुक्त क्लोरीन मोडून काढण्यासाठी त्याच्या सुमारे दहापट क्लोरीन लागते, असा शिरस्ता आहे. तुझा तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार लिटरांचा आहे; संयुक्त क्लोरीन अर्धा मिलिग्रॅम निघाले तर पाच मिलिग्रॅमची मात्रा, म्हणजे एकूण 240 ग्रॅम क्लोरीन, अर्थात दहा टक्क्यांच्या ताज्या द्रव हायपोक्लोराइटचे सुमारे अडीच लिटर पुरतील. हे द्रावण उन्हात व जुनेपणी निर्बल होते, म्हणून कॅनवरची तारीख पाहिल्यावाचून हिशेब मांडू नकोस.

ट्रायक्लोरच्या ज्या गोळ्या तू तरंगत्या डबीत ठेवतोस, त्यांच्याविषयी विशेष सांगावयाचे आहे. त्या क्लोरीन देतात, पण प्रत्येक दहा मिलिग्रॅम क्लोरीनबरोबर सुमारे सहा मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लही पाण्यात सोडतात. हे आम्ल उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, म्हणून तीस ते पन्नास मिलिग्रॅमपर्यंत ते उपकारकच आहे. पण क्लोरीन खर्च होऊन जाते आणि आम्ल मात्र साचत राहते, व शंभरापलीकडे गेले म्हणजे तेच क्लोरीनला इतके बांधून ठेवते की चाचणीत आकडा भरपूर दिसूनही शेवाळ निर्धास्त वाढते. महिनोन्‌महिने केवळ गोळ्यांवर चालवलेल्या तलावांत ही अवस्था वारंवार आढळते.

आता चुन्याविषयी. लालबाग-परळच्या गिरण्यांतील बॉयलर सांभाळणाऱ्या जुन्या माणसांना जड पाण्याचा गुण पुस्तकाशिवाय ठाऊक होता: पाणी तापले की त्यातील चुना बाहेर पडून नळ्यांच्या आतून थर धरतो, आणि तो थर न काढला तर कोळसा अधिक जळून वाफ कमी निघते. तुझ्या तलावात अग्नी नाही, पण मे महिन्याचे ऊन आहे. आणि पाणी तापणे व त्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की विरघळलेला चुना पांढऱ्या कणांच्या रूपाने पाण्यात प्रकट होतो. मुंबईच्या नळाला येणारे तलावांचे पाणी मऊ असते. किनाऱ्यालगतच्या बोअरिंगचे पाणी तसे असेलच अशी खात्री धरता येत नाही. त्यात तू टीसीएल पावडर मुठीने टाकत आलास. ही पावडर मुळातच चुन्यावर क्लोरीन बसवून तयार केलेली असते. तिच्यात क्लोरीन सुमारे एक तृतीयांश असून बाकीचा मोठा भाग चुन्याचा असतो, म्हणून ती पाणी शुद्ध करता करता त्याला जड करते आणि सामूही वर नेते. तिच्यावाचून चालतच नसेल, तर वेगळ्या बादलीत भिजवून, साका खाली बसू देऊन, केवळ वरची निवळ तलावात ओतावी.

चुन्याची परीक्षा सोपी आहे: पेलाभर गढूळ पाण्यात पांढऱ्या व्हिनेगरचे थोडे थेंब टाक, पाणी निवळले तर दोष चुन्याचा, न निवळले तर अन्य कशाचा. चुना ठरल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाच्या लहान मात्रांनी सामू 7.2 ते 7.4 च्या दरम्यान आण. सामूचा संबंध केवळ चुन्याशी नाही. सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात 7.5 सामूला मुक्त क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग कार्यक्षम रूपात असतो, आणि तोच सामू 8 झाला की जेमतेम पाव भाग उरतो.

तिसरा विषय गाळणीचा. आमच्या घरापासून जवळच, शिवाजी पार्कच्या बाजूला महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, आणि गिरगाव चौपाटीजवळ मफतलाल बाथ आहे. अशा मोठ्या तलावांत उतरणाऱ्या शेकडो माणसांचा मळ केवळ औषधांनी नाहीसा होत नसतो, तर पाणी अखंड वाळूतून फिरवून तो बाहेर काढावा लागतो. या फिरवण्याचा एक गणिती नियम गेज आणि बिडवेल यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तलावाच्या आकारमानाइतके पाणी गाळणीतून एकदा गेले तरी सर्व पाणी गाळले जात नाही, कारण गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते. त्यामुळे पहिल्या फेरीत 63, दुसऱ्यात 86, तिसऱ्यात 95 आणि चौथ्या फेरीअखेर 98 टक्के मळ निघतो, आणि तोही गाळणी प्रत्येक कण अडवीत असेल तरच. तुझा पंप तासाला आठ हजार लिटर ओढत असेल तर एका फेरीस सहा तास लागतात, म्हणजे चार फेऱ्यांना संपूर्ण अहोरात्र. वीज वाचवण्यासाठी पंप सकाळी दोन तास चालवून संध्याकाळी पाण्याकडून स्वच्छतेची अपेक्षा करणे, हे या गणिताच्या विरुद्ध आहे. पाणी निवळेपर्यंत तरी तो रात्रंदिवस चालू राहू दे.

बॅकवॉशच्या बाबतीत मात्र अतिरेक नको. वाळूत थोडा मळ साचलेला असताना ती अधिक बारीक कण धरते. रोज धुतलेली वाळू तेच कण सोडून देते. म्हणून धुतल्यानंतर लगेच प्रेशर गेजवरील आकडा लिहून ठेव, आणि तो आठ-दहा पौंडांनी वाढेल तेव्हाच पुन्हा धू. तसेच गाळणीतून परत येणारे पाणी काचेच्या पेल्यात धरून तलावातील पाण्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखीच गढूळ असतील तर वाळूत वाटा पडल्या आहेत किंवा मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचे आतील रबर गळते आहे, आणि अशा वेळी कोणतेही औषध व्यर्थ होय.

तुरटीचा इलाज मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात कणांना एकत्र आणणारे द्रव्य मिसळणे, गाळ बसवणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीन देणे ही कामे ठरलेल्या क्रमाने होतात, व एक टप्पा दुसऱ्याचे काम अंगावर घेत नाही. तुरटीचे कामही तेवढेच: ती सूक्ष्म कणांचे पुंजके करते. जिवंत शेवाळ ती मारीत नाही, चुना विरघळवीत नाही. क्लोरीन आणि सामू ठिकाणावर आल्यानंतरही धूसरपणा उरला, तरच संध्याकाळी तुरटीचे पाणी सर्वत्र पसरून, पंप बंद ठेवून, सकाळी तळाचा साका गाळणी टाळून थेट बाहेर ओढून टाकावा. तो गाळणीत गेला तर वाळू चिकटून बसेल. तुरटीमुळे पाण्याची अल्कता व सामू दोन्ही खाली येतात, तेव्हा मागाहून ती अवश्य मोजावीत.

एकावर एक औषधे घालण्याचा परिणाम 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगाने पाहिला. तेथे तलावांच्या पाण्यात ऐंशी लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले. त्याने क्लोरीनचा प्रभाव नाहीसा केला, थोड्याच दिवसांत सूर मारण्याच्या तलावाचे पाणी हिरवे झाले, आणि शेजारच्या तलावातील पाणी तर स्पर्धेपूर्वी बदलावे लागले. तेथे साधनांची वा तज्ज्ञांची उणीव नव्हती. पेरॉक्साइड स्वतः शुद्धिकारक, क्लोरीनही शुद्धिकारक. परंतु दोन हितकर द्रव्ये परस्परांचा नाश करू शकतात, हे ध्यानात न घेतल्याचे ते फळ होते. घरी तर याहून मोठा धोका आहे: आम्ल आणि क्लोरीनद्रव्य एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, ट्रायक्लोर आणि टीसीएल एका डब्यात वा एका ओल्या मापात आली तर भडका उडू शकतो. रखवालदारास सक्त ताकीद दे की प्रत्येक औषधाचे माप व जागा वेगळी असावी, आणि औषध पाण्यात घालावे, औषधावर पाणी कधीही ओतू नये.

आता टँकरचा प्रश्न. माझ्या गिरगावच्या बालपणी धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही पाण्याची नावे तेवढी उरली होती, पाणी नव्हते; 1860 मध्ये विहारचे आणि 1892 मध्ये तानशाचे पाणी आले म्हणून हे शहर वाढू शकले, आणि तानशाचे ते पाणी शहापूरच्या डोंगरांतून आमच्यापर्यंत येते. शहरातील पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरले जाते. त्या हिशेबाने तुझ्या तलावातील पाणी साडेतीनशेहून अधिक माणसांची एका दिवसाची गरज भागवील. वैशाखात कोकणातील वाड्यांवर बायाबापड्या हंड्यांसाठी रांगा लावत असताना, एका चाचणीच्या कंटाळ्यापायी इतके पाणी ओढ्यात सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी मनापासून मानतो. सायन्युरिक आम्ल खरोखर शंभरापलीकडे गेले असेल, तर काही भाग बदलण्यावाचून व्यवहार्य इलाज नाही. पण तोही पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि मोजून ठरवलेल्या भागापुरताच.

तलाव तसाच टाकून देणे हाही मार्ग नव्हे. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, विहिरींतील डासांकडे बोट दाखवले, आणि पुढे शहरातील कित्येक विहिरी झाकल्या वा बुजवल्या गेल्या. स्थिर, क्लोरीन नसलेले पाणी घरामागे ठेवणे म्हणजे वस्तीवर तेच संकट ओढवणे होय.

आणि सर्वांत महत्त्वाचे: खोल टोकाची तळजाळी काठावरून स्पष्ट दिसत नाही तोपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देऊ नकोस, मग ती कितीही हट्ट करोत आणि पाहुणे कोणीही असोत. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही, आणि अशा प्रसंगी हाती मिनिटेच असतात. पाणी निर्मळ हवे ते शोभेसाठी नव्हे, तर एवढ्यासाठी.

तेव्हा तूर्त तलावात काहीही नवीन घालू नकोस. पंप तेवढा चालू ठेव. एक वही कर आणि तीत मुक्त व संयुक्त क्लोरीन, सामू, अल्कता, पाण्याचा जडपणा, सायन्युरिक आम्ल, गाळणीचा दाब, आणि रात्रीची घट हे आकडे तारीखवार लिहून मला कळव. त्यांवरून एक इलाज ठरवू, त्याला पुरती मुदत देऊ, आणि पुन्हा मोजल्यावाचून दुसऱ्याला हात लावणार नाही.

सौ. सूनबाईस व मुलांस अनेक आशीर्वाद.

तुझा
काका