बिडाला जोडलेले लाकूड

ज्याच्या वाट्याला घरामागची अरुंद पडवी हीच काय ती कार्यशाळा आली आहे, त्या हौशी सुतारास यंत्राच्या सामर्थ्याआधी त्याने अडवलेल्या जागेचा विचार करावा लागतो. आणि अशा पडवीत टेबल-सॉ, म्हणजे बिडाच्या मेजातून गोल पाते वर काढणारी करवत, एकदा स्थानापन्न झाली की राउटरसाठी, म्हणजे लाकडात खाचा कोरणाऱ्या यंत्रासाठी, निराळे मेज मांडण्याची मुभाच उरत नाही. तेव्हा करवतीच्या उजव्या अंगाचा पत्र्याचा जोडतक्ता उतरवून त्या जागी लाकडी तक्ता बसवावा व राउटर त्यात उलटा टांगावा, अशी तजवीज मी केली. तंगी हे तिचे निमित्त. पण काम हाती घेतल्यावर उमगले, की यातील सारी कारागिरी लाकडाने बिडाच्या पातळीला यावे आणि बारा महिने तिथेच राहावे, एवढ्यासाठी खर्ची पडते.

बिडावर ऋतूंचा अंमल जवळजवळ चालत नाही. लाकडावर मात्र तो निरंकुश चालतो. म्हणून १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांस चिकटवून त्यांच्या वरच्या अंगास जसा सनमायका लावला, तसाच तो कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या खालच्या अंगासही लावला. कारण एकच बाजू झाकली तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिऊन फुगते, झाकलेली फुगत नाही, आणि तक्ता धनुष्यासारखा वाकतो. कडांना जुन्या चौकटीच्या सागवानी पट्ट्या, आणि राउटरचे ओझे वर्षानुवर्षे लोंबकळणार म्हणून खालून दोन आडवे दांडे.

राउटर ज्या ॲल्युमिनियमच्या पाटीला जखडायचा, तिच्यासाठी तक्त्यात पायरीदार खाच लागते, आणि ती खाच राउटरकडूनच कोरून घ्यायची असते. साऱ्या कामातला हा मला सर्वांत प्रिय भाग. पाटीभोवती चार सरळ फळ्या गुण्यात लावून आवळाव्या, पाटी उचलून घ्यावी, आणि बेअरिंगचे बिट, म्हणजे राउटरचे कापते टोक, त्या फळ्यांच्या कडेकडेने फिरवावे. खाच नेमकी उतरली असेल, तर पाटी परत ठेवताना तिच्याखाली कोंडलेली हवा तिला क्षणभर तोलून धरते आणि मगच ती सावकाश खाली बसते. खोली पाटीच्या जाडीहून केसभर अधिक असावी. कोपऱ्यांतले स्क्रू पिळून तिला मागाहून वर आणता येते.

मग बिडाशी जोडणी. बोल्टांची भोके मुद्दाम किंचित सैल ठेवून, दोन्ही पृष्ठांवर पोलादी पट्टी आडवी धरून, पलीकडे दिवा लावावा. जिथून उजेड डोकावेल तिथे तक्ता चढवावा किंवा उतरवावा, गरज पडल्यास सांध्यात पितळी पत्र्याची पाचर सारावी. सुताराचा व्यवहार सुतात चालतो, आठ सुतांचा इंच. पण येथे सूतही ढोबळ ठरते, कारण कागदाच्या जाडीची पायरीदेखील सरकत्या फळीला अडखळवते. हातातल्या पट्टीवर तरी विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचा पाठपुरावा इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने केला आणि १८४० मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे सपाट धातुपृष्ठांवर निबंध वाचला. दोन पृष्ठे परस्परांशी तंतोतंत जुळली तरी त्यांतले एक फुगीर व दुसरे खोलगट असू शकते. आळीपाळीने तीन पृष्ठे एकमेकांशी जुळली, तरच तिन्ही सपाट. भूमितीतला इतका सुंदर विचार माझ्या पडवीपर्यंत पोचला आहे, याचा मला मनापासून हर्ष होतो.

वापरताना कारागिराला आपली जागा बदलावी लागते. करवतीसमोर न राहता यंत्राच्या उजव्या टोकाशी उभे राहावे, आणि करवतीचाच फेन्स, म्हणजे लाकडाला सरळ धरणारी सरकती आडपट्टी, राउटरच्या बिटामागे आणून लाकूड उजवीकडून डावीकडे सारावे. उलटा टांगलेला राउटर वरून पाहता घड्याळाच्या विरुद्ध फिरतो, त्यामुळे या दिशेने तो लाकडाला अडवतो आणि फेन्सशी दाबूनही धरतो. फेन्स व बिट यांच्या मधून मात्र लाकूड कदापि घालू नये. ते हातातून हिसकावून भिरकावले जाते.

एकच फेन्स दोन यंत्रांची चाकरी करतो, तेव्हा राउटरसाठी तो हलवला की चिराईचे माप मोडते. माझ्या मते ही या रचनेची खरी किंमत आहे आणि ती आनंदाने मोजावी. कपाटाच्या ज्या फळ्या एका मापाने चिरायच्या, त्या सगळ्या एकाच बैठकीत चिरून, पाते मेजाखाली उतरवून, करवतीचा प्लग काढून ठेवल्यावरच मी राउटरचा प्लग लावतो.