किटलीतला खडू

मुलांनो, चहात घातलेली साखर वितळते की विरघळते? आमच्या घरी उत्तर आले, ‘मेल्ट होते.’ मराठीत ह्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. बर्फ, लोणी, मेण वितळते. त्याला नुसती उष्णता पुरते. साखर, मीठ विरघळते. त्याला पाणी लागते. इंग्रजीतही हा फरक आहेच, पण बोलताना तो सहज पुसला जातो.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. शाळेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरे फक्त इंग्रजीत झाली, तर मराठी ‘जेवायला ये’ आणि ‘दात घास’ एवढ्यापुरतीच उरते. म्हणून आम्ही रसायनशास्त्राचा हा एक धडा स्वयंपाकघरात मराठीतून घ्यायचे ठरवले.

साखर हे द्राव्य, पाणी हा द्रावक आणि दोन्ही मिळून झाले द्रावण. आणखी साखर घातली आणि ती तळाशीच राहू लागली, की ते संपृक्त द्रावण. द्रावकात जास्तीत जास्त किती द्राव्य मावते, ती त्याची विद्राव्यता.

ती कशावर ठरते? पहिली गोष्ट, जोडी कोणाची आहे. मीठ पाण्यात विरघळते, तेलात नाही. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, फोडणीच्या तेलात मात्र छान उतरतो. दुसरी गोष्ट, तापमान. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच घट्ट पाक गार झाला की भांड्याच्या कडेला साखरेचे खडे जमतात. मिठाचे तसे नाही. २० अंशाला ३६ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात जेमतेम ३९-४० ग्रॅम. तिसरी गोष्ट दाब, पण ती वायूंसाठी. कोकची बाटली उघडली की आतला दाब कमी होतो आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो. कोक कोमट असेल तर आणखीच, कारण गरम पाण्यात वायू कमी मावतो. आणि ढवळणे? ढवळल्याने साखर लवकर विरघळते, पण जास्त मावत नाही, बरं का!

आता आपली किटली पाहा. लंडन, केंट, हर्टफर्डशायर इथल्या घरांत तिच्या तळाशी पांढरा थर बसतो. डोव्हरचे पांढरे कडे ज्या चॉकचे आहेत, तसाच चॉक ह्या भागात जमिनीखाली आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते. साध्या पाण्यात चॉक जवळजवळ विरघळत नाही, पण अशा पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन विरघळतो. नळाचे पाणी स्वच्छ दिसते, पण चॉक त्यात असतोच. पाणी उकळले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चॉक पुन्हा तळाशी बसतो. म्हणजे जे विरघळले ते नाहीसे झालेले नसते.

मँचेस्टरला १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअर तलावाचे पाणी येते आणि बर्मिंगहॅमला १९०४ पासून वेल्समधल्या एलन खोऱ्याचे. तिथल्या कठीण खडकांतून पाण्यात फारसे काही उतरत नाही. म्हणून ते पाणी हलके.

गावाकडे आजी म्हणत, ‘विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही.’ ते शास्त्राला धरूनच होते. डाळीच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि जड पाण्यातले कॅल्शियम ते पेक्टिन घट्ट करते. आजींनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, पण डाळ रोज शिजवली होती.

करून पाहा: आईबाबांना सोबत घ्या. किटलीतल्या पांढऱ्या थराचा एक कपचा वाटीत ठेवून त्यावर व्हिनेगर घाला. बुडबुडे येतील. ते कोणत्या वायूचे? कपचा वितळला की विरघळला? पुढच्या वर्गात उत्तर सांगा, अर्थात मराठीतून!