मिक्सरचं पानिपत होण्याआधी

मराठीत एखाद्या गोष्टीचा पुरता बोऱ्या वाजला की आपण सहज म्हणतो, ‘पानिपत झालं.’ आम्ही तर पानिपतातच राहतो. बाबांच्या नोकरीमुळे आई-बाबा लग्नानंतर इथे आले आणि माझा जन्मही इथलाच. त्यामुळे साताऱ्याचा मामा फोनवर कुठलीही वाईट बातमी ऐकली की हमखास विचारतो, “म्हणजे पुन्हा पानिपत का गं?” यंदा संक्रांतीच्या दोन दिवस आधी मी त्याला जी बातमी दिली, त्यावर मात्र तो हसला नाही. आईचा मिक्सर जळला होता, आणि तो मी जाळला होता.

हा मिक्सर आईच्या रुखवतात मांडलेला. आजोबांनी हौसेने घेतलेला आणि चादरींत गुंडाळून रेल्वेने इथवर आलेला. गेली २७ वर्षं आमच्या घरातलं दाण्याचं कूट, ओल्या नारळाची चटणी, पुरणाची वेलची-जायफळ पूड, सगळं त्यानेच केलं. त्याच्या बटणावरचे आकडे पुसले गेलेत, पण आईला ते कधी वाचावे लागले नाहीत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. मी कंटेंट रायटर आहे. घरगुती वस्तू विकणाऱ्या एका संकेतस्थळासाठी लेख लिहिते. गेल्या वर्षी मी एक लेख लिहिला होता, ‘तुमचा मिक्सर बदलायची वेळ झाली, हे सांगणारी ५ लक्षणं’. चालता चालता बंद पडणं, जळका वास, ठिणग्या, भांड्याखालून गळती आणि खडखडाट. ही पाचही लक्षणं मी दुसऱ्यांच्या लेखांतून गोळा केली होती. तोवर मी एकही मिक्सर उघडून पाहिला नव्हता. मिक्सर वापरणारी बाई शेजारच्याच खोलीत होती, पण तिला काही विचारावं असंही मला सुचलं नव्हतं.

डिसेंबरात आमच्या मिक्सरमध्ये पहिलं लक्षण दिसू लागलं. दोन मिनिटं फिरायचा आणि गप्प व्हायचा. तळाशी असलेलं लाल बटण दाबलं की पुन्हा सुरू. आई म्हणाली, “मोटरला काही झालेलं नाही. भांडं जड झालंय. आवाज ऐक ना, दमल्यासारखा येतोय.” मी ऐकलं नाही. एक व्हिडिओ पाहिला, स्क्रू ड्रायव्हर घेतला, तळाचं झाकण उघडलं आणि त्या लाल बटणाच्या दोन वायरी थेट एकमेकींना जोडून टाकल्या. बटणच नाही, तर बंद कसा पडणार! खरंच पडला नाही. दोन आठवडे मी घरात इंजिनिअर म्हणून मिरवून घेतलं.

मग संक्रांतीसाठी तीळ आणि दाणे कुटायला घेतले आणि तिसऱ्या घाण्याला तळातून धूर आला. आईने हाताने खटकन मुख्य बटण बंद केलं. मला एक शब्द बोलली नाही. खलबत्ता काढला आणि उरलेलं कूट त्यात केलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मिक्सर घेऊन जीटी रोडजवळच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार साठीपुढचे. इथे अशा माणसाला ताऊजी म्हणतात. त्यांनी मिक्सर उघडला, वास घेतला, जोडलेल्या वायरी पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “जार ल्याई सै?” भांडं मी आणलंच नव्हतं. परत घरी जाऊन घेऊन आले. ताऊजींनी भांड्यातलं पातं बोटाने फिरवून पाहिलं. ते जेमतेम हललं. पात्याच्या दांड्याभोवतीच्या बुशमध्ये किती वर्षांची चटणी वाळून बसली होती कोण जाणे. मोटर ठणठणीत होती. अडकलेलं पातं फिरवताना तिच्यावर ताण येत होता आणि ते लाल बटण तिला दर वेळी वाचवत होतं. ताऊजी म्हणाले, “बेटी, यो बटन दुश्मन ना सै, चौकीदार सै.” मी चौकीदारालाच बांधून ठेवलं होतं.

तेव्हा मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि माझ्या लेखातली पाचही लक्षणं एकेक करून विचारली. त्यांनी सांगितलेलं तुम्हाला उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहिते.

मिक्सर मध्येच बंद पडतो, तेव्हा बहुतेक वेळा ओव्हरलोड स्विचने काम केलेलं असतं. प्रमाणाबाहेर वीज ओढली गेली की तो तापतो आणि जोडणी तोडतो. अशा वेळी प्लग काढा, भांड्यातलं थोडं काढून घ्या, मोटर निवू द्या आणि मगच तळाचं बटण दाबा. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल, तर रिकामं भांडं हातात घेऊन पातं खालच्या बाजूने फिरवून बघा. ते सैल फिरायला हवं. अनेक मिक्सरांच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं की सलग ५ मिनिटं चालवल्यावर २ मिनिटं थांबा. आपण ती पुस्तिका वॉरंटी कार्डासोबत कपाटात ठेवून देतो.

जळका वास कधी कधी तळाची हवेची छिद्रं बंद झाल्यामुळेही येतो. आमच्या मिक्सरखाली मीच हौसेने जाड लोकरी रुमाल घातला होता. मोटरचा पंखा ज्या वाटेने हवा घेतो, तीच वाट मी झाकली होती.

ठिणग्या मोठ्या दिसू लागल्या की बहुतेकदा कार्बन झिजलेले असतात. मिक्सरची मोटर मिनिटाला १५ ते २० हजार फेरे घेते. त्या फिरणाऱ्या भागापर्यंत वीज पोहोचवायला कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर त्याला टेकून असतात. पेन्सिलीसारखे ते झिजतात आणि पेन्सिलीसारखेच बदलता येतात. आमच्या मिक्सरची जोडी शंभर रुपयांच्या आत आली.

भांडं खालून गळतं ते वॉशर आणि बुश झिजल्यामुळे. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण गळलेलं पाणी खाली मोटरमध्येच उतरतं. खडखडाट बहुधा कपलरचा, म्हणजे भांड्याला मोटरशी जोडणाऱ्या त्या दातेरी चकतीचा. तिचे दात मुद्दाम मऊ ठेवलेले असतात. काही अडकलंच तर आधी ते तुटावेत आणि मोटर वाचावी म्हणून.

म्हणजे मी ज्यांना निरोपाची लक्षणं म्हटलं होतं, ती पाचही बहुतेक वेळा डागडुजीची मागणी असते. दोन तर चक्क यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या सोयी आहेत.

घरी येऊन मी मिक्सरबद्दल वाचत बसले. आपल्याकडच्या मिक्सरचा जन्मच एका बिघाडातून झालाय. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर जळला. भिजवलेल्या डाळी आणि खडे मसाले वाटायला तो बनलेलाच नव्हता. तो दुरुस्त करून द्या, या त्यांच्या मागणीतून माथुरांनी भारतीय वाटणाला पेलेल अशी दणकट मोटर असलेला मिक्सर तयार केला आणि १९६३ साली कंपनी सुरू केली. तोच ‘सुमीत’ मिक्सर. पुढे कितीतरी मराठी घरांत पाटा-वरवंट्याला विश्रांती मिळाली ती त्याच्यामुळे. त्या माउलीने जळलेलं यंत्र निमूटपणे माळ्यावर टाकलं असतं तर?

खरं तर हे सगळं मला आधीच कळायला हवं होतं, कारण मी राहते ते गावच जुन्यातून नवं करून जगतं. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे पानिपतात येतात. बायका त्यांची बटणं आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रात त्यांच्या चिंध्या होतात, चिंध्यांचे तंतू आणि तंतूंचं सूत. त्याला इथे ‘शॉडी’ म्हणतात. भूकंपात, पुरात मदत म्हणून वाटली जाणारी कितीतरी ब्लँकेटं याच सुताची. मिक्सरखाली मी घातलेला तो जाड रुमालही त्यातलाच.

विजेच्या वस्तूंचं मात्र एवढ्या सहजासहजी असं नवं सूत होत नाही. इथून ९० किलोमीटरवर दिल्लीत सीलमपूर आहे. तिथे टाकून दिलेली यंत्रं हाताने फोडून त्यातलं तांबं आणि इतर धातू काढतात. तांब्यासाठी वायरी जाळल्या की निघणारा धूर तिथल्याच माणसांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत आणि गोळा झालेला कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच जावा, अशी अपेक्षा आहे. पण आपण भंगारवाल्याला दिलेला मिक्सर पुढे कुठे जातो, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

तुमच्या घरात एखादी वस्तू बंद पडली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. तिथे घरगुती उपकरणं, मोबाइल, वाहनं आणि शेती अवजारं बनवणाऱ्या कंपन्यांची सुट्या भागांची, दुरुस्तीची आणि सेवा केंद्रांची माहिती एकत्र मिळावी, हा हेतू आहे. कुणी नुसतंच ‘पार्ट मिळत नाही, नवीन घ्या’ म्हणालं, तर आधी तिथे बघा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पण माझ्यासारखी चूक करू नका. प्लग काढल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. फ्यूज, अर्थिंग आणि ओव्हरलोड स्विच यांना बगल द्यायची नाही. मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही घरी उघडायचाच नाही. मायक्रोवेव्हमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो आणि जुन्या रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब २० हजारांहून जास्त व्होल्टवर चालते. इस्त्रीच्या किंवा गिझरच्या वायरीचं आवरण तडकलं असेल तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस ढकलू नका, वायर बदलून घ्या.

आणि प्रत्येक जुनी वस्तू जपायलाच हवी असंही नाही. छताचा पंखा नुसता गुणगुणतोय किंवा मंद झालाय, तर बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर बदलून काम होतं. पण त्याचं वाइंडिंगच गेलं असेल, तर नव्या बीएलडीसी पंख्याचा विचार जरूर करा. साधा पंखा ७० ते ८० वॉट वीज घेतो, हा साधारण ३० वॉट. बदलायला माझी हरकत नाही. आधी बिघाड समजून घ्यावा आणि मग ठरवावं, एवढंच.

आमच्या मिक्सरचं वाइंडिंग ताऊजींनी पुन्हा भरून दिलं. नव्या मिक्सरच्या किमतीच्या पाव भागात, नवे कार्बन आणि भांड्याचं नवं बुश धरून. लाल बटणाच्या वायरी त्यांनी माझ्याकडूनच पूर्ववत जोडून घेतल्या. संक्रांतीच्या सकाळी आईने त्यात वेलची घातली, बटण फिरवलं आणि डोळे मिटून ऐकलं. मी श्वास रोखून उभी होते. “हां,” ती म्हणाली, “आता मोकळा झाला.” मामाला मी लगेच फोन केला. म्हणाला, “या वेळी पानिपत जिंकलं म्हणायचं.”

त्या संध्याकाळी मी संकेतस्थळाच्या लोकांना लिहिलं की माझा लेख चुकीचा आहे, बदलू द्या. तो चांगला वाचला जातोय, राहू दे, असं उत्तर आलं. तो अजून तिथेच आहे. त्यात राहून गेलेलं सहावं लक्षण मी इथे लिहिते. तुमच्या घरात तो मिक्सर रोज कोण चालवतं? आई, सासूबाई, कामाला येणाऱ्या मावशी, जी कुणी असेल, तिला आधी विचारा की आवाज कसा येतोय. ती ‘भांडं जड झालंय’ म्हणाली, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि भांडं बघा.